‘घरी न्या, सेवा करा’

कॅन्सरचा इलाज हाताबाहेर गेला की मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ जिंतूर तालुक्यातल्या कुटुंबाला हे वाक्य छत्रपती संभाजीनगरात ऐकायला मिळतं, नांदेडात, बार्शीत, नाहीतर थेट मुंबईत परळला. ऐकणारा मान हलवतो, कारण सेवा करणार नाही असं म्हणणारं घर आपल्याकडे विरळाच. पण गोळी कोणती, ती संपली तर कुठे मिळेल, रात्री दोनला कळ उठली तर कोणाला फोन करायचा, खाणं बंद झालं तर काय करायचं, यातलं काहीच त्या वाक्यात नसतं. फाइल पिशवीत घालून गाडी जालन्याच्या रस्त्याला लागते आणि मंठा ओलांडून जिंतूर येईपर्यंत घरातले एवढंच ठरवतात की अण्णाला काय सांगायचं नाही.

ही अडचण मूठभर घरांची नाही. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात कॅन्सरचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण सापडले आणि ९ लाखांहून अधिक माणसं कॅन्सरने गेली. निदान उशिरा होतं, म्हणून हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत. मराठवाड्यात तोंडाचा, गर्भाशयाच्या मुखाचा, स्तनाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर घेऊन माणूस दवाखान्यात पोचतो तेव्हा अनेकदा डॉक्टरांच्या हाती आयुष्य लांबवणं असतं, रोग काढून टाकणं नसतं. म्हणजे शेवटच्या महिन्यांची काळजी हा कॅन्सरच्या चर्चेचा शेवटचा परिच्छेद नव्हे, निम्म्याहून मोठा भाग आहे. आपण मात्र चर्चा करतो ती मशीनची आणि नव्या इमारतींची.

इमारती झाल्या, हे मान्य करायला हवं. जिंतूरला रेल्वे नाही; परभणी सुमारे ४५ किलोमीटर, तिथे जिल्हा रुग्णालय आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं आणि मराठवाड्याच्या गरीब रुग्णाची मुंबईची वारी बरीच कमी झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने तर १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालवली. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एक लाख ३१ हजार बायकांच्या तपासणीतून २००९ साली जगाला कळलं, की एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते. मुंबईला जायचंच झालं तर परभणीहून देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेस. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला पूर्ण आणि सोबतच्याला ७५ टक्के सवलत. परळला नाना पालकर स्मृती समिती, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा. ही सगळी वाट इलाजाला जाणाऱ्यासाठी, अनेकांनी आयुष्यं घालून बांधलेली आहे. इलाज संपवून परतणाऱ्यासाठी तशी वाट कोणी बांधलेली नाही. परतल्यावर त्याच्या वाट्याला येतो तो मेडिकलवाला, गल्लीतला डॉक्टर आणि घरच्या बाया.

घरात पहिला प्रश्न उभा राहतो सांगण्याचा. ओपीडीत नीट पाहिलं तर दिसतं, की मुलगा आणि जावई आत जातात, ज्याचा आजार तो बाहेर बाकड्यावर बसतो. ‘डॉक्टरसाहेब, त्यांना गाठ म्हणा, कॅन्सर म्हणू नका, धीर सोडतील.’ ज्या इमारतीच्या दारावर हातभर अक्षरात कर्करोग रुग्णालय लिहिलंय, तिथे हे चाललेलं असतं. शिवाय रांगेत पुढे बसलेला माणूस आपलं सगळं सांगून याचंही विचारून घेतो. अंगावरचा सदरा ढिला झालेला ज्याचा त्याला कळतोच. म्हणून होतं असं, की रुग्णाला कळलेलं असतं, पण पोरांना वाईट वाटेल म्हणून तोही बोलत नाही. दोन्ही बाजू एकमेकांना सांभाळत गप्प राहतात आणि ज्या दोन-चार महिन्यांत बोलायचं ते महिने हवापाण्याच्या गप्पांत जातात.

हे खोटं प्रेमापोटी आहे, म्हणून त्यावर शहरी तोऱ्याने टीका करण्यात अर्थ नाही. पण त्याची किंमत फार व्यावहारिक असते. कोणाकडून किती उचलले, कोणाला किती दिले, हे अनेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असतं. बँकेतलं वारस नाव जुनं असतं, सातबाऱ्यावर मयत चुलत्याचं नाव तसंच असतं. धाकटीचं लग्न त्याच्या डोळ्यांदेखत व्हावं असं त्यालाही वाटत असतं, पण विचारणार कोण? २००४ च्या ‘श्वास’ या चित्रपटात शस्त्रक्रियेनंतर नातवाची दृष्टी जाणार हे त्याला आधी सांगायलाच हवं, असा डॉक्टरांचा आग्रह होता. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करला गेला, सगळ्या महाराष्ट्राने डोळे पुसले. लहान लेकराला सांगायला हवं हे आपल्याला पटलं, मात्र सत्तर वर्षांच्या, जन्मभर दुष्काळाशी झगडलेल्या शेतकऱ्याला सांगू नये हेही आपल्याला पटतं.

सांगणं म्हणजे निकाल वाचून दाखवणं नव्हे. जाणते डॉक्टर उलट्या बाजूने सुरू करतात: तुम्हाला काय वाटतं, दुखणं कसं चाललंय? मग माणूस जेवढं विचारतो तेवढ्याचं खरं उत्तर देतात. काहींना अजिबात ऐकायचं नसतं, तोही त्यांचा हक्क. घरच्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ होतं, की त्याने स्वतःहून विषय काढला तर ‘काही होत नाही तुम्हाला’ म्हणून तो मोडायचा नाही. अशा वेळी मुलापेक्षा धाकटा भाऊ किंवा साडू जास्त उपयोगी पडतो, कारण त्याच्यापुढे माणसाला बाप असल्याचं ओझं नसतं.

आता दुखण्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जगभर मान्य औषध आहे; जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशामकांची पायऱ्यांची पद्धत १९८६ सालीच घालून दिली. गोळी महाग नाही. ती दर चार तासांनी घ्यायची असते, दुखायला लागल्यावर नव्हे, दुखण्याच्या आधी. मात्रा दुखण्याप्रमाणे वाढवता येते. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतं. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर माणूस व्यसनी होत नाही, आणि त्या गोळीने मरण लवकर येत नाही. ही दुसरी भीती फार खोल आहे. गोळी सुरू झाली आणि आठवड्याने माणूस गेला, तर गाव गोळीला दोष देतं. गोळी उशिरा सुरू केली हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे ही गोळी मिळत का नाही, याचं कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. परवाने इतके किचकट झाले, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकत होती, नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यावर प्रक्रिया होत होती आणि इकडे मराठवाड्यात माणसं उशी चावत रात्र काढत होती. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ साली कायदा सुधारला. मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली. आता दवाखान्याला मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून राज्याच्या औषध नियंत्रकांकडे अर्ज करावा लागतो, प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आणि नीट ठेवलेली नोंदवही लागते. जिंतूरच्या ग्रामीण रुग्णालयाने अशी मान्यता मागायला कायद्याची आडकाठी नाही. साध्या मेडिकलवर मात्र ही गोळी मिळत नाही, म्हणून तिथे ट्रामाडॉल आणि डायक्लोफेनॅकची सुई चालते. डायक्लोफेनॅक महिनोन्महिने घेतलं की जठर आणि किडनी दोन्ही जाऊ शकतात, आणि हाडात उतरलेल्या कॅन्सरचं दुखणं तरीही राहतं.

याच राजगोपाल यांनी १९९३ साली केरळात कोझिकोडला अशा रुग्णांच्या काळजीचं काम सुरू केलं ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारचे लोकच उतरले. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार शिकून तयार झाले, आठवड्याला काही तास देऊ लागले, नर्स घरोघर जाऊ लागली. केरळ सरकारने २००८ साली त्याचं धोरण केलं. आपल्याकडेही काम झालं नाही असं नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली आपल्याच मुंबईत वांद्र्याला काढलं. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत चालतं, नातेवाइकाला ते शुश्रूषा शिकवून पाठवतं. इगतपुरी तालुक्यात सरकारी यंत्रणेतून घरपोच सेवेचा प्रयोग झाला. वांद्रे, वारजे, इगतपुरी ही नावं नकाशावर टाकून पाहिली तर सगळी पश्चिमेला पडतात. कागदावर जिंतूरही सुटलेलं नाही: आयुष्मान आरोग्य मंदिराच्या बारा सेवांमध्ये पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी आहे, आणि ही केंद्रं उपकेंद्राच्या गावापर्यंत आहेत. चारठाण्याच्या किंवा बोरीच्या बाजूच्या आशाताईने त्या सेवेसाठी पिशवीत काय घेऊन जायचं, हे ठरवायचं राहिलं आहे.

नातेवाइकांना एक शंका नेहमी येते, की अशी काळजी सुरू केली म्हणजे आपण हात टेकले. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१० साली छापून आला. ज्यांना इलाजाबरोबर सुरुवातीपासून ही काळजी मिळाली ते सरासरी साडेअकरा महिन्यांच्या आसपास जगले, बाकीचे नऊच्या आत. शेवटी शेवटी त्यांनी केमोही कमी घेतली. शेवटच्या केमोबद्दल २०१५ साली अमेरिकेतच दिसून आलं, की हिंडत्याफिरत्या रुग्णाचेही अखेरचे दिवस तिने सुखाचे होत नाहीत, उलट बिघडतात. आपल्याकडे नेमक्या याच केमोसाठी बैलजोडी विकली जाते.

दुखण्याच्या खालोखाल घराला छळणारी गोष्ट खाण्याची. ‘दोन दिवस पोटात अन्न नाही, निदान सलाईन तरी लावा.’ मराठवाड्यात सलाईन हा इलाजाचा पुरावा आहे. बाटली लटकली की सोयऱ्याधायऱ्यांना दिसतं, पोरांनी काही कमी केलं नाही. पण शेवटच्या आठवड्यांत भूक आणि तहान मरतात त्या शरीर बंद होत आलेलं असतं म्हणून. माणूस उपाशी आहे म्हणून मरतोय असं ते नसतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा रुग्णांपैकी निम्म्यांना रोज लिटरभर सलाईन आणि निम्म्यांना नावापुरतं १०० मिलिलिटर दिलं. त्रासात फरक पडला नाही, आयुष्यातही पडला नाही. वरून ढकललेलं पाणी पायात सुजेच्या रूपाने आणि छातीत घरघर होऊन बसतं. त्यापेक्षा दर तासाला ओल्या कापसाने तोंड पुसावं, ओठाला तूप लावावं, मागितलं तर दोन चमचे चहा द्यावा. तोंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या माणसाची गोष्ट मात्र अगदी निराळी. त्याचं पोट भुकेलं असतं, फक्त वाट बंद असते. त्याला नळी वेळेवर घालायला हवी, आणि पेज, वरण, दूध, अंडं मिक्सरमधून गाळून घरचंच देता येतं. हा फरक घरच्यांना पाच मिनिटांत समजावता येतो. तो कोणी समजावत नाही, म्हणून एकाला नको असताना सलाईन लागते आणि दुसरा नळीवाचून वाळत जातो.

जखमेचंही सांगायला हवं, कारण त्यावर लाजेने कोणी बोलत नाही. गालाची किंवा स्तनाची गाठ फुटली की वास सुटतो. पोरं खोलीत येत नाहीत, सून नाकाला पदर लावते आणि आतल्याला ते दिसतं. मेट्रोनिडाझोलची साधी गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरली तर वास दोन-चार दिवसांत खूप कमी होतो. ही गोळी गावातल्या मेडिकलवर मिळते, स्वस्त आहे. एवढ्यावर माणूस पुन्हा ओसरीवर चारचौघांत बसू शकतो.

सेवा करतं कोण? गाडी ठरवणं, फाइल सांभाळणं, तहसीलला खेटे घालणं मुलाकडे. अंग पुसणं, कूस बदलणं, संडास काढणं बायकोकडे आणि सुनेकडे. बाई स्वतः आजारी पडली तर हिशेब बिघडतो. अंगावरून जाणं तिने दोन वर्षं कोणाला सांगितलेलं नसतं, आणि अंथरूण धरल्यावर सासरहून लेक येईल तेव्हाच तिचं डोकं विंचरलं जातं. तालुक्यातल्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोड्या निघतात. मुकादमाची उचल आधीच घरात खर्च झालेली असते. जावं तर आजारी सासूपाशी बारा वर्षांची पोरगी ठेवावी लागते, राहावं तर कर्ज अंगावर बसतं. सेवेवरच्या कुठल्याही पुस्तकात या घराला द्यायला उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही.

उलट भेटायला येणारी माणसं मात्र मोप. गावातलं प्रत्येक जण एकदा येऊन जातं, अर्धा तास बसतं, चहा घेतं आणि झाडपाला देणाऱ्या एखाद्या गावाचं नाव सांगून उठतं. आजाऱ्याला थकवा, बाईला चुलीपुढून सुटका नाही. केरळने बाहेरून स्वयंसेवक उभे केले. इथे ते दारात चप्पल काढून बसलेलेच आहेत. भजनी मंडळातल्या किंवा गणेश मंडळातल्या चार जणांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या, एकीने दुपारी दोन तास सुनेला झोपू दिलं, तर त्या येण्याजाण्याला काही रूप येईल. झाडपाल्यासाठी भांडत बसू नये. तो आणायला हजारो रुपये आणि रुग्णाचा प्रवास लागणार नाही, एवढी एक अट घालावी.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, ऑपरेशन, केमो, किरणोपचार त्यात बसतात. तरीही २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत कॅन्सरसाठी एकदा भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात साडेबावीस हजार आणि खासगीत त्र्याण्णव हजारांच्या घरात निघाला होता. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, घरी लागणारे डायपर आणि पट्ट्या कोणत्याच योजनेत बसत नाहीत. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा रुग्ण येतो, महिना दीड हजार रुपये. मात्र कागद जमवून मंजुरी येईपर्यंत अनेकदा अर्जदारच उरत नाही. म्हणून अर्ज पहिल्या केमोच्या आठवड्यातच टाकावा.

कायद्यावर फार थांबायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली जिवंतपणीचं इच्छापत्र मान्य केलं आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे ते करता येतं. जिंतूरच्या घरी व्हेंटिलेटर नसतोच. प्रश्न येतो तो शेवटच्या रात्री. श्वास लागला, कोणीतरी घाबरून १०८ला फोन केला, परभणीहून नांदेडला पाठवलं आणि माणूस आयसीयूत काचेपलीकडे गेला, असं पुष्कळदा घडतं. अशा रात्री कोणी काय करायचं हे आधी भावाभावांत बोलून ठेवलेलं असलं तर ते टळतं. गळ्यातली घरघर ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण तोवर रुग्णाची शुद्ध बहुधा गेलेली असते. एका कुशीवर वळवलं की घरघर कमी होते.

मरणाची तयारी करणं आपल्या मातीला परकं नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीला येणाऱ्या जैन भाविकांच्या धर्मात सल्लेखनेचा विचार आहे, माळकऱ्याच्या उशाशी हरिपाठ होतो, मुसलमान घरात कलमा ऐकवला जातो. त्या वेळी माणूस शुद्धीवर आणि दुखण्यावाचून असावा, एवढी सोय औषधाने करायची आहे.

मृत्यूची नोंद नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करावी लागते; घरी मृत्यू झाला तर जुनी फाइल आणि डिस्चार्ज कार्ड तेव्हा कामी येतं, ते भावनेच्या भरात सामानाबरोबर जाळू नये. आणखी एक काम दहाव्या-तेराव्याच्या गर्दीत राहून जातं. २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात दर चार प्रौढांमागे एक जण तंबाखू घेतो, आणि राज्यात गुटखाबंदी लागू झाल्यावर तीनच वर्षांत, २०१५ साली, आर. आर. पाटलांसारखा गृहमंत्री राहिलेला नेता तोंडाच्या कॅन्सरने गेला. ज्या घरातून बाप असाच गेला, त्या घरातल्या थोरल्याच्या खिशात पुडी असतेच. तीस वर्षांवरच्या माणसाचं तोंड, बायकांचे स्तन आणि गर्भाशयमुख तपासायचं काम त्याच आरोग्य मंदिराकडे आहे, जिथून आजाऱ्याच्या घरी नर्स यायला हवी होती.